हूक लावलेलं कासव

येडशीच्या स्टँडवर उतरून अनिसाचं घर विचारलं, तर माणसं पत्ता सांगायच्या आधी एक प्रश्न टाकतात, "काय सापडलं?" तिच्याकडं मोकळ्या हातानं सहसा कुणी जात नाही. कुणाच्या पिशवीत पंख मोडलेला पारवा असतो, कुणाच्या खोक्यात खारीची पिल्लं. एका शहाण्यानं तर नागाचं पिल्लू जेवणाच्या डब्यात घालून आणलं होतं, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून. डबा घरचाच आहे आणि बायकोला अजून सांगितलेलं नाही, हेही त्यानं न विचारता सांगून टाकलं.

घराची दुसरी खूण म्हणजे शिलाई मशीनचा आवाज. अनिसाची आई सकिनाबी येडशीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवते. उरलेल्या निम्म्या सोलापुरात शिवायला टाकतात आणि अंगात बसेनात म्हणून उसवायला सकिनाबीकडंच आणतात. वडील पाशामियाँ एसटीचे चालक. ते घरी असले की झोपलेले असतात आणि जागे असले की घरी नसतात.

अशा घरातली पोरगी धाराशिवला बी.एस्सी. झाली, संभाजीनगरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली, तिथवर सगळं सुरळीत होतं. आता बी.एड. करील, एखाद्या शाळेत लागेल, असं सकिनाबी धरून चालली होती. अनिसा गेली पुण्याला, जखमी रानजनावरांना बरं करणाऱ्या एका केंद्रात. पहिल्या आठवड्यात आईनं फोनवर विचारलं, "काय काम देतात गे?"

"पिंजरे धुते."

दोन महिन्यांनी पुन्हा विचारलं. अनिसा म्हणाली, "आता बढती झाली. वटवाघळांची पपई चिरते."

सकिनाबीनं मशीन थांबवलं. "अगे, धुणं आन् चिरणं तर घरीबी हाय. त्याला एम.एस्सी. कशाला लागती?"

दोन वर्षांत अनिसा बरंच शिकली. घारीचा पंख कसा बांधायचा, सशाच्या पिल्लाला गाईचं दूध का पाजायचं नाही, आणि सगळ्यात अवघड गोष्ट, जनावराला नाव न ठेवता त्याची सेवा कशी करायची. नाव ठेवलं की सोडताना हात आखडतो, असं तिथले सर सांगायचे. जनावर बरं होण्याआधी कुणाला कसलाही शब्द द्यायचा नाही, हेही त्यांनी शिकवलं होतं. हे दुसरं तिनं वहीत लिहून घेतलं आणि वही पुण्यातच राहिली असावी.

मग त्याच सरांनी तिला वर्षभराचं एक काम देऊन आपल्याच जिल्ह्यात पाठवलं. आपल्याकडं उघड्या विहिरी मोप. त्यांत कोल्हे पडतात, मुंगसं पडतात, घोरपडी, रानमांजरं, साप पडतात. सिमेंटची उभी भिंत, चढायला कुठं जागा नाही. पोहून पोहून जनावर दमतं आणि संपतं. तर विहिरी मोजायच्या, कशात काय पडतं ते लिहायचं, आणि शेतकरी तयार झाला की विहिरीत बांबूची उतरण बसवायची. तिचं वरचं टोक काठाला बांधलेलं आणि खालचं रिकाम्या कॅनांवर पाण्यात तरंगणारं, म्हणजे पडलेलं जनावर आपल्या पायानं चालत वर येतं. कागदावर हे एवढं सोपं दिसत होतं, की सरांनी 'वर्षाला वीस उतरणी' असं लिहूनही टाकलं.

सहा महिने गेले. विहिरी मोजून झाल्या तीनशे बारा आणि उतरण एकही बसली नाही. पुण्याहून निरोप आला, की पावसाळ्यापर्यंत एक तरी बसली पाहिजे, नाहीतर काम आवरतं घ्यावं लागेल.

नाही म्हणण्यात आमच्या जिल्ह्यातल्या माणसाचा हात कुणी धरू शकत नाही. तो तोंडावर नाही म्हणतच नाही. चहा पाजतो, विहीर दाखवतो, "बघू की सुगी झाल्यावर" म्हणतो. सुगी झाली की पुन्हा चहा पाजतो. ह्या सगळ्या चहाबाजांत अनिसाला स्वच्छ शब्दांत नाही म्हणणारा एकच माणूस भेटला. तामलवाडीच्या शिवारातला हणमंतप्पा.

हणमंतप्पा साठीचा, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज मोटेवर बैल हाकल्यासारखा. त्याच्या विहिरीत एक काळं कासव होतं. विहिरीत कासव सोडायची रीत तिकडं जुनीच. कासव असलं की पाणी निवळ राहतं आणि उन्हाळ्यात आटत नाही, असं मानतात. हणमंतप्पा त्याला लक्ष्मी म्हणायचा आणि रोज सकाळी भाकरीचा तुकडा टाकायचा. अनिसानं उतरणीचं चित्र काढून दाखवलं, तसा तो म्हणाला, "तुझं समदं खरं हाय बाई. पर वाट केली की माझी लक्ष्मी वर चढून जाईल. ती गेली की पाणी गेलं. त्यापरीस चा घी आन् जा." अनिसानं चहा घेतला, आपला फोन नंबर लिहिलेला कागद ठेवला आणि निघून आली.

तोच कागद चैत्रात टोपीतून काढून हणमंतप्पानं फोन लावला. विहिरीतला गाळ काढायला त्यानं यारी लावली होती, बादली वरखाली करणारं यंत्र. यारीची लोखंडी बादली खाली गेली ती नेमकी कासवाच्या पाठीवर. दुपारी तो दोन एसट्या बदलून येडशीत हजर झाला, मांडीवर घमेलं, घमेल्यात ओलं पोतं आणि पोत्यात लक्ष्मी. कवच एका कडेपासून मधोमध तडकलेलं होतं, पण मान हलत होती.

"बरी हुईल का?"

"बघू आप्पा. जीव हाय अजून."

"बरी करून माझ्या हिरीत परत देशील न्हवं?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. अनिसाच्या तोंडून गेलं, "व्हय आप्पा. देते."

शब्द ओठांतून सुटला, तशी तिला पुण्यातली वही आठवली. असलं कासव पाळायला कायद्यानं बंदी आहे. वनखात्याला कळवल्याशिवाय त्याला हातही लावता येत नाही, आणि बरं झालेलं जनावर जिथून आलं तिथल्याच रानात, तिथल्याच पाण्यात सोडायचं असतं, विहिरीत नाही. हे सगळं ठाऊक असून ती व्हय म्हणून बसली होती. तिनं खात्याला कळवलं. वनरक्षक अयोध्या मॅडम येऊन कागद करून गेल्या. त्यात एक रकाना होता, 'मूळ ठिकाण'. अनिसानं हणमंतप्पाला विचारलं. तो म्हणाला, "माझी हीर." पुढच्या भेटीत विचारलं, तरी हीर. फोनवर तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो चिडला, "हिरीतलं कासव हिरीतलंच असतंय की!" रकाना तसाच कोरा राहिला.

उपचाराला धाराशिवहून डॉक्टर रणधीर आले. त्यांचं आयुष्य म्हशींच्या बाळंतपणात गेलेलं. त्यांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि कपाळाला हात लावला. "कवचाच्या दोन्ही कडा जवळ ओढून धरल्याबिगर हाड जुळायचं न्हाय. आन् हितं टाके घालायचे तरी कुठं?"

पुण्यात अनिसानं एक युक्ती पाहिली होती. भेगेच्या दोन्ही बाजूंना बारीक हूक चिकटवायचे आणि त्यांत तार अडकवून रोज थोडी थोडी आवळायची. तिची नजर आईच्या मशीनवरच्या डब्याकडं गेली. सकिनाबीनं तिची नजर ओळखली आणि डबा छातीशी धरला.

"नक्को हां. तीन गिऱ्हाइकांचे ब्लाउज अडलेत."

"अम्मा, आठच लागतात."

सकिनाबीनं घमेल्यात डोकावून पाहिलं. कासवानं मान बाहेर काढून तिच्याकडं पाहिलं. ती पुटपुटली, "एक नंबरचे टिकायचे न्हाईत. जाड अंगाला दोन नंबर लागतात." आणि स्वतः निवडून आठ हूक काढून दिले. एवढंच नाही, तर डॉक्टर हूक लावायला लागले तेव्हा दोनदा त्यांचा हात धरून म्हणाली, "समोरासमोर येऊ द्या साहेब. वरखाली झाले तर घडी पडती." रणधीर डॉक्टर पुढं सगळ्या तालुक्यात सांगत सुटले, की आपण एका टेलरणीच्या हाताखाली शस्त्रक्रिया केली.

मग आठ आठवडे सकिनाबीच्या घरात एक टब, एक दिवा आणि एक कासव अशी भर पडली. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका आधी कासव बघायच्या. "आमच्यापरीस हिचं फिटिंग ब्येस हाय की," असं एकीनं तोंडावर म्हणून टाकलं. हणमंतप्पाचा फोन दर बाजारच्या दिवशी ठरलेला असायचा. "लक्ष्मी जेवली का? काय जेवली? भाकरी द्या, बाकीचं तिला सोसत न्हाय." अनिसा गांडुळं आणि पाला घालत होती, पण ते तिनं सांगितलं नाही. दर फोननंतर तिला वाटायचं आता खरं बोलून टाकावं, आणि दर वेळी ती पुढच्या बाजारावर ढकलायची. चहा पाजणाऱ्या शेतकऱ्यांना ती नावं ठेवायची, पण तिचीही गत तीच झाली होती.

नवव्या आठवड्यात हाड जुळलं का बघायला एक्स-रे काढला. हाड झकास जुळलं होतं. आणि त्याच्या खाली, पोटात, पाच लांबट अंडी दिसत होती.

अनिसा आधी आनंदानं ओरडली आणि मग बोटांवर हिशेब करायला लागली. आता दिवस हातात नव्हते. मादीला अंडी घालायला ओली माती उकरावी लागते. टबात वाळू भरून ठेवली तरी ती तिच्याकडं ढुंकून बघत नव्हती. अयोध्या मॅडम म्हणाल्या, "नोटीस काढू? एका कागदाचं काम. म्हातारा काय करणार हाय?"

"नको मॅडम. नोटिशीनं कासव मिळंल, पण ह्याच्यानंतर कुठला शेतकरी मला फोन करंल? म्या तोंडानं दिलाय शब्द. तोंडानंच मोडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली तर सकिनाबीही बुरखा घालून दारात उभी. "तुझ्या तोंडून एकदा व्हय गेलंय. आता दुसऱ्यांदा जाऊ नये म्हणून येते."

हणमंतप्पा ओसरीवर बसला होता. अनिसानं सगळं सांगितलं. कायदाही सांगितला, पण धाक घातला नाही. "आप्पा, म्या खोटं बोलले तुमच्याशी. विहिरीत परत देता येणार न्हाय हे तवाच ठाव होतं मला. तुमचं तोंड बघवलं न्हाय म्हणून व्हय म्हणाले."

हणमंतप्पानं आधी विहिरीकडं बघितलं. मग म्हणाला, "शब्द म्हंजी शब्द. उद्या लक्ष्मी हितं आणायची. मग काय ती पोलीसबिलीस घिऊन या."

चहाचे कप घेऊन त्याची बायको रुद्रम्मा बाहेर आली. ओसरीवर अनिसानं आणलेली एक्स-रेची काळी फिल्म पडली होती. कप ठेवून तिनं ती उचलली आणि उन्हाकडं धरली. "हे गोल गोल काय हाय?"

"अंडी हाईत अव्वा. पाच."

रुद्रम्मा फिल्म खाली घेईना. "अशी लांबुळकी? पांढरी?" मग ती हळूच म्हणाली, "दरसाली गाळात टरफलं निघायची. आमी म्हनायचो, कावळ्यानं टाकली असतील."

"तिचीच असणार. विहिरीत माती न्हाय, अव्वा. ती धरून धरून ठेवती आन् शेवटी पाण्यातच सोडती."

"आन् तितंच कुजत्यात?"

"हौ."

रुद्रम्मा ओसरीच्या पायरीवर बसली. "तीस वर्सं," ती म्हणाली. "तीस वर्सं म्या वरून पाणी शेंदलं, आन् ही खाली..." तिनं पदर डोळ्याला लावला. सकिनाबी उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. थोड्या वेळानं रुद्रम्मा म्हणाली, "हिला म्याच आणली हितं."

अनिसानं मान वर केली.

"माझं म्हायेर माकणी. भूकंपाच्या आदल्या साली माझं लगीन झालं. हितं नवी हीर खांदली हुती. माझ्या बानं तेरणेच्या काठाला धरलेलं हे एवढंसं पिल्लू घागरीत घालून माझ्याबरुबर धाडलं. म्हनला, तुला तितं करमाया सोबत."

'मूळ ठिकाण' हा रकाना अनिसाच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. नऊ आठवडे कोरा. तिनं तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा हणमंतप्पालाच. तीनशे बारा विहिरी मोजताना बाप्या माणसांनाच विचारलं आणि चहा आणून देणाऱ्या बाईला एकदाही नाही. तिला स्वतःची लाज वाटली. "अव्वा, हे आधी का न्हाय सांगितलं?"

"मला कुणी इचारलं?"

मग रुद्रम्मा नवऱ्याकडं वळली. "माझी चार बाळंतपणं म्हायेरी झाली. पैल्या वक्ताला तुमीच गाडी जुपून सोडाया आला हुता. सातव्या म्हैन्यात. खड्डा आला की उतरून बैलाला धरून चालायचा, मला हिसका बसू नये म्हनून. आठवतंय का?"

हणमंतप्पानं चहाचा कप उचलला.

"मग हिलाच न्हाय व्हय म्हायेर? तीस वर्सं पाण्यात बाळंत हुतीया बिचारी, आन् तुमी शब्द शब्द करत बसलाव!"

हणमंतप्पानं चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. खुंटीवरची टोपी काढून डोक्याला घातली. "कवा निघायचं?" त्यानं विचारलं.

दोन दिवसांत खात्याची परवानगी आली आणि रकान्यात 'तेरणा काठ, माकणी' असं लिहिलं गेलं. सकिनाबीनं आपल्या हातानं आठही हूक सोडवले, गरम पाण्यानं डिंक पुसला आणि जुळलेल्या भेगेवरून बोट फिरवलं. "शिवण दिसत न्हाय," ती म्हणाली. तिच्या तोंडी ह्याहून मोठी तारीफ नाही.

माकणीला खात्याची जीप नदीकाठी उतरली. रुद्रम्मानं ताटात हळदकुंकू, तांदूळ, नारळ आणला होता. लेक बाळंतपणाला जायची म्हणजे ओटी भरायला नको का? पण गडबडीत खण विसरला. सकिनाबीनं मुकाट पिशवीतून हिरवा खण काढला. "माझ्याकडं दुसरं असतंय काय?" अनिसानं घाईनं सांगितलं, "अव्वा, पाठीला हळद नका लावू, जखम नवी हाय." मग हळदकुंकू टबाला लागलं, खण टबाच्या कडेवर ठेवला, आणि सरकारी कामात असलं काही बसत नाही हे ठाऊक असून अयोध्या मॅडमनीही दोन बोटं कुंकू वाहिलं.

कासवाला ओल्या काठावर ठेवलं. बराच वेळ ते हललं नाही. मग मान बाहेर आली. तीस वर्षांनी पायाखाली माती होती, आणि ती त्यानं पुढच्या पंजानं एकदा खरवडून पाहिली. मग सरळ चालत गवतात शिरलं.

"हिच्या पोटातनं पिल्लं निघतील का गं?" रुद्रम्मानं विचारलं.

"ह्या वक्ताला बहुतेक न्हाय, अव्वा. तीस वर्सं एकटीच होती. पण हितं तिच्या जातीचे हाईत. पुढच्या वक्ताला निघतील."

"मग सोयरीक म्हायेरातच जमायची म्हना," रुद्रम्मा म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली.

हणमंतप्पा हसला नाही. गवताकडं बघत त्यानं विचारलं, "बाळंतपण झाल्यावर लेक सासरी येती. ही येईल का?"

ह्या वेळी अनिसानं थेट त्याच्या तोंडाकडं बघितलं. "न्हाय आप्पा. लई लांब हाय. न्हाय यायची. म्या शब्द दिला आन् मोडला, ते माझ्यावर हाय."

परतीला सगळे जीपमध्ये बसले. तुळजापूर मागं पडलं, तामलवाडीचा फाटा आला. उतरून दार लावता लावता हणमंतप्पा म्हणाला, "त्या तुझ्या उतरणीला बांबू किती लागत्याल?"

अनिसाला आधी कळलंच नाही.

"ती आता न्हाय तितं. मग अडवायचं कुणाला?" हणमंतप्पा म्हणाला. "हिरीला वाट असू दी. तिला यायचं का न्हाय, तिचं ती ठरवंल. यायची झाली आन् वाटच नसली, तर ती म्हनंल, म्हातारा रुसला."

चार दिवसांनी उतरण बसली, पाऊस लागायच्या आत. अनिसाच्या चित्रात ती एक वीत रुंदीची होती. हणमंतप्पानं दोन्ही हात पुढं करून हवेत कासव धरल्यासारखं माप दाखवलं. तीस वर्षं त्यानं तिला काठावरून बघितलं होतं आणि एकदाच मांडीवर घेतलं होतं, पण माप तंतोतंत होतं. "एवढी रुंद कर. आन् वरनं काथ्या गुंडाळ, तिच्या पोटाला घासाया नको." अनिसानं तशीच केली. पुण्याला फोटो गेला. सरांनी विचारलं, एवढी रुंद का? अनिसानं कळवलं, शेतकऱ्याची सूचना.

विहिरीचं पाणी त्या वर्षी आटलं नाही, उलट दोन हात वाढलं. गाळ काढला की पाणी वाढतंच, पण हे हणमंतप्पाला सांगायला जाऊ नका. लेक माहेरी सुखी आहे म्हणून पाणी वाढलं, असं तो सांगतो. श्रावणात उतरणीच्या काथ्यावर मुंगसाचे ओले पाय उमटले. ते दाखवायला त्यानं अर्धी तामलवाडी गोळा केली आणि सगळ्यांना चहा पाजला.

त्यानंतर अनिसाला फोन यायला लागले. आता ती आधी घरातल्या बाईशी बोलते आणि मग विहिरीकडं जाते. वर्षअखेरीला उतरणी झाल्या एकवीस. सकिनाबी आता हुकांचा एक डबा वेगळाच ठेवते आणि गिऱ्हाईक कितीही अडलं तरी त्याला हात लावू देत नाही.

फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते कासव कधी बघितलेलं नाही. ज्यांच्या विहिरीत कासव कधी नव्हतं, तेही फोनवर एकच सांगतात, "हणमंतप्पाच्या हिरीत हाय तशी पाहिजे बघा ताई. कासवाच्या मापाची."